बीजगणिताच्या पोथ्यांत अवयवांची साक्ष

जुन्या दप्तरांत गणिताचीं पानें सांपडलीं म्हणजे तीं बहुधा बाजूस पडतात. बखरी, पत्रें व सनदा यांच्या नकला काळजीनें होतात. आंकड्यांच्या पोथीवर मात्र 'अशुद्ध' एवढाच शेरा बसतो. तो शेरा मारण्यापूर्वीं एक कसोटी लावून पाहावी, इतकेंच आम्हांस येथें सुचवावयाचें आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. सिद्धांतशिरोमणि त्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिला, बीजगणित हा त्याचाच भाग होय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळतें.

बीजगणिताच्या भावित-प्रकरणांत एक उदाहरण आहे. दोन संख्यांपैकीं पहिलीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि दोन यांची बेरीज त्या संख्यांच्या गुणाकाराएवढी होते. तर त्या संख्या कोणत्या? न्यासांत एका पक्षीं 'या ४ का ३ रू २' व दुसऱ्या पक्षीं 'याकाभा १' येतें. रीति अशी: वर्णांकांचा गुणाकार १२, त्यांत रूपें २ मिळवून १४. या १४ चे अवयव पाडून ते वर्णांकांत मिळवावे. २ व ७ घेतल्यास संख्या ५ व ११, किंवा १० व ६ येतात. १ व १४ घेतल्यास ४ व १८, किंवा १७ व ५.

आचार्य याची क्षेत्रगत उपपत्तिहि देतात. दोन संख्या भुजा मानून आयत काढावा. त्यांतून पहिलीच्या चार व दुसरीच्या तीन पट्ट्या वजा केल्या कीं कोपऱ्यांतील १२ घरें दोनदां वजा होतात. म्हणून उरलेल्या लहान आयताचें फळ २ नव्हे, १४ असतें. त्याच्या भुजा हेच ते अवयव.

आतां पोथीकडे वळूं. ऋण संख्येवर बिंदु देण्याची पद्धति आहे. कसरीचें छिद्र किंवा शाईचा शिंतोडा रूपांच्या २ वर पडला, तर तो अंक ऋण वाटेल; मग १४ च्या जागीं १० येतील, व २ आणि ५ या अवयवांवरून संख्या ५ व ९ निघतील. परंतु उत्तरांत ५ व ११ लिहिले असतील, तर तो डाग बिंदु नव्हे हें निश्चित झालें. खरा बिंदु नकलेंत सुटला असेल, तर तोहि याच रीतीनें परत मिळतो.

उत्तराचे आंकडेहि बिघडणें शक्य आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पण तेथें तिसरा साक्षी असतो. श्लोकांत संख्या शब्दांनीं सांगितलेल्या असून छंद त्यांस बरेंच संरक्षण देतो. श्लोक, न्यास व उत्तर यांपैकीं दोन जुळल्यास तिसऱ्याचा दोष बहुधा उघड होतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, गणिताच्या पानांची नक्कल करितांना प्रत्येक बिंदु, छिद्र व डाग जसाच्या तसा नोंदावा. आपल्या समजुतीनें कांहींहि दुरुस्त करूं नये. लेखकाचा प्रमाद म्हणून टाकलेल्या पानांत पुष्कळदां वाचकाचाच प्रमाद असतो.