आवश्यक आणि ऐच्छिक

सहावीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास म्हणजे मुलांच्या दृष्टीने विश्रांतीचा तास. इतिहासात निदान लढाया असतात, भूगोलात नकाशे रंगवायला मिळतात. नागरिकशास्त्रात असते काय, तर ‘नगरपालिकेची आवश्यक कामे’ आणि ‘नगरपालिकेची ऐच्छिक कामे’. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई, जन्ममृत्यूची नोंद ही आवश्यक. बागा, वाचनालये, नाट्यगृहे ही ऐच्छिक. मीही हे वर्षानुवर्षे याच क्रमाने सांगत आलो. दोन वर्षांमागे मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, ऐच्छिक म्हणजे कुणाच्या इच्छेवर?”

मी त्याला त्या वेळी पुस्तकी उत्तर दिले आणि खाली बसवले. पण प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला. शिवाय हा प्रश्न पनवेलच्या मुलाने विचारला होता, आणि पनवेल हे काही साधेसुधे गाव नव्हे. या गावच्या नगरपालिकेची स्थापना २५ ऑगस्ट १८५२ ची. पुण्याला नगरपालिका मिळाली ती १८५७ साली; म्हणजे सत्तावनच्या बंडाची कुणाला कुणकूणही नव्हती, बोरीबंदराहून पहिली आगगाडी सुटायची होती, त्या वेळी पनवेलकर आपल्या गावचे रस्ते आणि दिवे यांचा हिशेब ठेवू लागले होते. महाराष्ट्रातली सर्वांत जुनी नगरपालिका आमची, असे पनवेलकर अभिमानाने सांगतात. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या पावणेदोनशे वर्षांच्या वहीत कुठेतरी असणारच.

पनवेलला हा मान मिळाला त्याचे कारण त्याच्या बंदरात आणि रस्त्यात आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की बोटीने पनवेलला उतरायचा आणि तिथून पालखीने किंवा गाडीने खोपोली गाठून घाट चढायचा. देशावरचा माल बैलगाड्यांनी याच वाटेने खाली येई आणि परतताना मीठ, भात घेऊन जाई. इथल्या सुतारांनी बनवलेली गाड्यांची चाके इतकी नावाजलेली की देशावरचा गाडीवान ऐपत असली तर परत जाताना चाकांचा जोड घेऊन जायचा. जिथे इतकी माणसे आणि बैल रोज येऊन मुक्काम करतात, तिथे शेण, चिखल, रोगराई आणि अंधार हेही मुक्कामाला असतात. गावाला कारभाराची गरज होती ती अशी.

आता कायद्याकडे वळू. कंपनी सरकारने १८४२ साली बंगालसाठी नगरपालिकांचा एक कायदा केला होता. त्यात घरांवर प्रत्यक्ष कर बसवण्याची तरतूद होती. तो कायदा एकाच ठिकाणी लागू झाला, आणि तिथल्या रहिवाशांनी कर तर दिला नाहीच, उलट वसुलीला आलेल्या कलेक्टरावरच अनधिकार प्रवेशाची फिर्याद लावली! हा अनुभव गाठीशी ठेवून १८५० चा सव्विसावा कायदा आला. तो सबंध हिंदुस्थानासाठी होता, पण सक्तीचा नव्हता. गावच्या लोकांनी मागणी करावी, लोकांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटावी, मग मॅजिस्ट्रेट आणि सरकारने नेमलेली काही गावकरी मंडळी यांची समिती कारभार पाहील. मुख्य म्हणजे, या कायद्याने अप्रत्यक्ष कराला वाट दिली. काही प्रांतांनी या कायद्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मुंबई इलाख्याने मात्र तो उचलून धरला. पनवेलची नगरपालिका याच लाटेतली.

म्हणजे पाहा, ज्या संस्थेची आज आपण आवश्यक कामे पाठ करतो, ती संस्था स्वतः जन्माला आली ती ऐच्छिक म्हणून.

पुढे जे घडले त्याचे मर्म ‘जकात’ या एका शब्दात आहे. गावात खपायला येणाऱ्या मालावर वेशीपाशी कर घ्यायचा. धान्य, तूप, तेल, सरपण, इमारती लाकूड, जे आत येईल त्याचे माप करायचे, पावती फाडायची. आणि माल गावात न खपता पुढे गेला तर भरलेल्या जकातीचा परतावा द्यायचा, असा नियम. पनवेलसारख्या वाटेवरच्या पेठेत हा परतावा म्हणजे नुसते कलमाचे काम नव्हते. कुठला पोता गावच्या पोटात गेला आणि कुठला बोटीत चढला हे ठरवताना नाक्यावरच्या कारकुनाची अक्कल आणि व्यापाऱ्याची हुशारी यांची रोज कुस्ती होत असणार.

घरपट्टीपेक्षा जकात लोकांना सोसवत होती, कारण ती दिसत नव्हती. मालकाच्या दारात येऊन कुणी पैसे मागत नाही. ती भाकरीच्या पिठात आणि चुलीतल्या लाकडात मिसळून जाते. पण नगरपालिकेत बसणारी मंडळी कोण होती? सरकारने नेमलेले प्रतिष्ठित गृहस्थ, घरादारांचे धनी. घरपट्टी वाढवली तर ती त्यांच्याच खिशातून जाणार. जकात वाढवली तर हमालाच्या आणि मोलकरणीच्याही पानातून थोडी थोडी जाणार. तेव्हा या इलाख्यात जकात इतकी लाडकी का झाली, याचे कोडे फार अवघड नाही. अंदाजपत्रकाची पहिली बाजू जमेची असते, आणि गावच्या कारभाराचा खरा स्वभाव खर्चाच्या बाजूपेक्षा या जमेच्या बाजूत अधिक दिसतो, असे माझे मत आहे.

दैवाचा खेळ असा की, नगरपालिका होऊन वर्ष लोटले नाही तोच १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली, आणि १८५६ पर्यंत लोहमार्ग खोपोलीपर्यंत जाऊन भिडला. तो गेला कल्याण-कर्जतकडून. पुण्याच्या उतारूने पनवेलला पाठ दाखवली. वाट गेली तरी वस्ती राहिली, मीठ-भाताची पेठ राहिली, आणि नाकाही राहिला.

१८८२ सालचा मे महिना आला आणि लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा आपला प्रसिद्ध ठराव केला. स्थानिक संस्थांत सरकारी सभासद एकतृतीयांशाहून अधिक नसावेत, लोकांनी निवडलेले सभासद असावेत, शक्यतो अध्यक्षही बिनसरकारी असावा, असे त्यात म्हटले होते. कारभार लगेच सुधारेल अशी रिपनचीही भाबडी समजूत नव्हती. लोकांना राजकारणाचे शिक्षण मिळावे हा हेतू त्याने उघड सांगितला. म्हणजे नगरपालिका ही एक शाळाच. शिक्षक असल्यामुळे मला या कल्पनेविषयी जरा जास्तच आपुलकी वाटते. या ठरावाला अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ साली नवा कायदा झाला. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून कुलाब्याकडे गेला, आणि पनवेलच्या कागदपत्रांची वाट ठाण्याऐवजी अलिबागेकडे वळली.

त्या मुलाच्या प्रश्नाचे मूळ मात्र मला १९०१ च्या कायद्यात सापडले. मुंबई इलाख्याच्या जिल्हा नगरपालिकांच्या या कायद्यात कामांचे दोन कप्पे स्पष्ट पाडले होते. १८९६ पासून मुंबई प्लेगने हादरली होती. गटारे, संडास, पाणी यांची धास्ती कायदा करणाऱ्यांच्या मनात ताजी असणार. तेव्हा सफाई, दिवे, आग विझवणे, देवी टोचणे ही कर्तव्ये झाली, आणि बागा, वाचनालये, संग्रहालये हे ‘करावेसे वाटल्यास’ या कप्प्यात गेले. स्वातंत्र्य आले, प्रौढ मताधिकार आला, महाराष्ट्र राज्य झाले, १९६५ चा नगरपालिकांचा नवा कायदा आला. तरी बाग त्याच कप्प्यात राहिली. ज्या पिढीला प्लेगचे भय वाटत होते तिची वर्गवारी आम्ही आजही मुलांकडून घोकून घेतो.

यात नगरपालिकांची अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने कधी गावाचे अंदाजपत्रक पाहिले असेल त्याला ठाऊक आहे की, पगार, निवृत्तिवेतन, विजेची बिले आणि पाण्याचा खर्च वजा जाता हाती उरते ते थोडके. पाणी हा तर पनवेलचा जुना घोर. माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीवर देहरंग येथे नगरपालिकेने स्वतःच्या मालकीचे धरण राखले. स्वतःचे धरण असलेली नगरपालिका ही काही रोज भेटणारी गोष्ट नव्हे. पण धरणात गाळ साचतो, गाव वाढतो, आणि उन्हाळ्यात ते पुरे पडत नाही. मग जीवन प्राधिकरणाकडून आणि औद्योगिक महामंडळाकडून पाणी विकत घ्यावे लागते. विकत पाण्याचे बिल चुकवल्यावर बागेतल्या माळ्यासाठी काय राहते, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

जकात गेली १९९९ साली. नगरपालिका हद्दीतले नाके राज्य सरकारने बंद केले आणि बदली अनुदान द्यायचे ठरवले. मी तेव्हा मिसरूड फुटलेला तरुण होतो. ट्रकवाल्यांची नाक्यावरची रांग आणि चिरीमिरीची कुजबुज दोन्ही एकदम नाहीशी झाली याचा आनंद मलाही झाला. पण आज वाटते, त्या दिवशी आणखीही काही गेले. जकात कितीही वाकडी असली तरी तिचे दर ठरवताना गावात भांडण होत असे, आणि ते भांडण गावचे होते. अनुदानाचा आकडा मुंबईहून येतो. त्याच्याशी भांडायला पनवेलचा व्यापारी जाणार कुठे?

तोवर गावाभोवती दुसरेच गाव उभे राहिले होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती आखीव रस्त्यांनी आणि क्रमांकांच्या सेक्टरांनी उभ्या राहिल्या. तिथे बागेची जागा नकाशावर आधीच हिरव्या रंगाने काढलेली. जुन्या पनवेलच्या माणसाला याचा हेवा वाटे. पण त्या बागेविषयी मत मांडायला तिथल्या रहिवाशाला नगरसेवक नव्हता. सेवाशुल्क भरायचे आणि तक्रार असली तर कचेरीत अर्ज द्यायचा.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी या साऱ्यांची आणि २९ गावांची मिळून पनवेल महानगरपालिका झाली. सुमारे १२ चौरस किलोमीटरची नगरपालिका एका रात्रीत ११० चौरस किलोमीटरची झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसे पाच लाखांच्या घरात. मे २०१७ मध्ये निवडणूक होऊन ७८ नगरसेवकांचे पहिले सभागृह आले. आता रीत बदलली. आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करायचे, सोळा जणांच्या स्थायी समितीने ते तपासायचे, सर्वसाधारण सभेने मान्य करायचे, आणि पुढच्या वर्षीचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे. या प्रवासात आकडे कसे वाढतात हे सगळ्याच शहरांना ठाऊक आहे. प्रत्येकाला आपल्या प्रभागात काम हवे. खर्च वाढला की तो झाकायला जमेची बाजूही कागदावर वाढवायची. वर्षअखेर सुधारित अंदाजपत्रक येते आणि फुगलेली कामे गुपचूप खाली बसतात. त्यांत पहिला नंबर कुणाचा लागतो? ऐच्छिकांचा.

आणि मग घरपट्टीचा भडका उडाला. महापालिकेने वसाहतींतल्या घरमालकांना मालमत्ता कराची बिले पाठवली, ती १ ऑक्टोबर २०१६ पासूनची थकबाकी धरून. रहिवासी म्हणाले, त्या वर्षांत रस्ते, गटारे, बागा सिडको पाहत होती आणि आम्ही तिला सेवाशुल्क भरत होतो. एकाच सेवेचे पैसे दोनदा का? महापालिका म्हणाली, हद्द आमची, कायदा आमच्या बाजूने, आणि कर नाही तर शहर चालवायचे कशावर? मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ‘सेवा आधी की कर आधी’ या वादात मला १८४२ च्या त्या बंगाली गृहस्थांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पावणेदोनशे वर्षांनी कलेक्टर बदलला, फिर्याद तीच.

जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. त्या काळात अंदाजपत्रक ज्याने मांडायचे त्यानेच मंजूर करायचे असा प्रकार झाला. काम झटपट झाले असेल, मी नाही म्हणत नाही. पण अध्यक्ष बिनसरकारी असावा असे म्हणणारा १८८२ चा तो लाटसाहेब मला त्या दिवसांत फार पुढारलेला वाटू लागला.

सहामाहीच्या परीक्षेत मी मुद्दाम प्रश्न घातला: कामांची आवश्यक आणि ऐच्छिक अशी वर्गवारी करा. त्या मुलाने बाग आवश्यकच्या रकान्यात लिहिली होती. मी अर्धा गुण कापला. कायदा कायदा आहे. तो पेपर घेऊन टेबलापाशी आला. मी त्याला कायद्याचे दोन्ही कप्पे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग वडाळे तलाव कशात, गुरुजी?”

पनवेलच्या वाचकाला वडाळे तलाव सांगायला नको. कृष्णाळे, विश्राळे, देवाळे या भावंडांसह तो गावाच्या अंगाखांद्यावर वाढला. नळ नव्हते तेव्हा तळे म्हणजे पाणी, म्हणून आवश्यक. अलीकडे महापालिकेने त्याचे सुशोभीकरण केले. संध्याकाळी म्हातारी माणसे काठाने फेऱ्या मारतात, पोरे खेळतात, म्हणजे ते ऐच्छिक. पण तळे बुजले तर पावसाळ्यात पाणी जाणार कुठे, हे पाहिले की ते पुन्हा आवश्यक होते.

मी पेपर परत घेतला आणि त्याला म्हणालो, उद्या सांगतो. त्याला आता आठवीत जाऊन सहा महिने झाले. परवा तलावावर भेटला, सायकल टेकवून कठड्यावर बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, “गुरुजी, अर्धा गुण राहिलाय.”