हळद, प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील पेटंट

१/ बोट कापले की आई त्यावर चिमूटभर हळद दाबते. हा उपाय किती जुना, असे कोणी विचारत नाही. मात्र १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने याच उपायाला ‘नवा शोध’ म्हणून मान्यता दिली. तो नवा नाही हे सिद्ध करायला घरची आठवण पुरली नाही, छापील कागद लागला. मित्रहो, ही त्या कागदाची आणि त्याच्या मर्यादेची कथा.

२/ २८ मार्च १९९५. पेटंट क्रमांक ५४०१५०४. विषय : जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक होते भारतीय वंशाचे सुमन दास व हरिहर कोहली, आणि हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते.

३/ भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा होते गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये परिषदेने या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली.

४/ अडचण कायद्याची होती. परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात असणे तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला पुरेसे वाटत नसे. ती कोठे तरी छापलेली असावी लागे. म्हणजे कोट्यवधी घरांतली रीत पुरावा ठरत नव्हती, पण एका नियतकालिकातले पान ठरत होते.

५/ परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने आपला निर्णय फिरवला. पारंपरिक ज्ञानाच्या आधारे असे पेटंट रद्द होण्याचे हे गाजलेले उदाहरण ठरले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात हे ज्ञान इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत नोंदवले जाते.

६/ येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. पेटंट रद्द झाले ते ‘हा शोध नवा नाही’ म्हणून. हळदीने जखम भरते की नाही, याचा निवाडा त्या खटल्यात झालाच नाही. जुने असणे आणि सिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७/ सिद्धतेचा मार्ग प्रयोगशाळेतून जातो, आणि तोही जुनाच आहे. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, १८१५ साली फोगेल व पेल्तिए यांनी वेगळा काढला. १९१० मध्ये पोलिश रसायनज्ञांनी त्याची रचना उलगडली. १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच्या जंतुनाशक गुणाची नोंद आली.

८/ परंतु काचपात्र म्हणजे शरीर नव्हे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे पोहोचते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातले पायपेरीन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली.

९/ २०१७ मध्ये एका औषधी रसायनशास्त्रीय आढाव्याने आणखी कठोर निष्कर्ष मांडला. कर्क्युमिन अस्थिर आहे, त्याचा रंग व प्रकाशगुण अनेक चाचण्यांत फसवे संकेत देतात, आणि शंभराहून अधिक मानवी चाचण्यांनंतरही काटेकोर दुहेरी-अंध चाचणीत त्याचे यश दिसलेले नाही. हा निष्कर्ष वेगळ्या काढलेल्या कर्क्युमिनबद्दलचा आहे. अख्ख्या हळदीवर तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि हळदीच्या बाजूने पुरावा म्हणूनही तो वापरता येत नाही.

१०/ आता हिंगोलीकडे वळू. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आज हळदीसाठी ओळखला जातो. २०२२ मध्ये राज्य शासनाने वसमतला हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले आणि २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळाले. कंद शिजवून, वाळवून, घासून हळकुंड तयार होते. त्यात कर्क्युमिन किती टक्के आहे, हे प्रयोगशाळा सांगू शकते. ते शरीरात काय करते, हे मात्र टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच हव्यात.

११/ १९९७ मध्ये आपण जुना कागद दाखवून हक्क राखला. पुढचा कागद आपल्यालाच लिहायचा आहे, आणि त्यावर प्रतिकूल निष्कर्ष आला तरी तो प्रामाणिकपणे छापायचा आहे. हळदीच्या पोत्यावर ‘सर्व रोगांवर गुणकारी’ असे लिहिणे सोपे आहे. पण असे खोटे शब्द ज्या दिवशी उघडे पडतात, त्या दिवशी नुकसान शेतकऱ्याचेही होते.