वारसाचा दाखला आणि रिक्थऋणाचा न्याय

मृताच्या मिळकतीची व्यवस्था लावण्याचा विचार इंग्रजी अंमलाबरोबरच आपल्याकडे आला, अशी एक समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. आईबापांच्या पश्चात् पुत्रांनीं रिक्थ व ऋण हीं दोन्ही सारखीं वांटून घ्यावीं, असें याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे. धन घेणारानें कर्जहि पत्करावें, हा त्यांतील न्याय होय. नवीन होतें तें मृत्युपत्र. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित धनावर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. त्यामुळें त्यास फारसा वाव नव्हता.

एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यांत झालेलें १८२७ चें आठवें रेग्युलेशन या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. कोर्टांत अगोदर अर्ज न करितांहि वारसानें कायदा व रूढि यांस अनुसरून मिळकतीची वहिवाट हातीं घ्यावी, अशी मुभा त्यांत आरंभींच दिली आहे. वारसपण मान्य करून घेणें असल्यास मात्र अर्ज करावा. मग न्यायाधीशानें जाहीरनामा काढून हरकतदारांस एक महिन्याच्या आंत बोलवावें, आणि हक्काची खात्री पटल्यास दाखला द्यावा. परंतु या दाखल्यानें मालकी मिळत नाहीं. तूर्त कायदेशीर वहिवाट कोणाकडे आहे, एवढेंच तो दर्शवितो, असें त्यांतच स्पष्ट म्हटलें आहे. दाखला एका भावाच्या नांवें निघाला, तरी दुसऱ्याचा हिस्सा त्यामुळें बुडत नाहीं.

पुढें १८६६ च्या मुंबईच्या कायद्यानें पूर्वजांच्या ऋणाची जबाबदारी वारसाच्या हातीं आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली. १८७० व १८८१ च्या कायद्यांनीं हिंदूंच्या मृत्युपत्रांस प्रोबेटची पद्धति लागू झाली. १९२५ च्या वारसा कायद्यांत प्रोबेटचे हे नियम एकत्र आले. मुंबई शहरांतील हिंदूंच्या मृत्युपत्रांवरील प्रोबेटची सक्ति २०२५ सालीं उठली. तथापि वाद उपस्थित झाल्यास मृत्युपत्र शाबीत करण्याचा भार कायमच आहे, आणि व्यवस्थेचा क्रमहि तोच आहे: प्रथम उत्तरक्रियेचा खर्च, नंतर कोर्टाचा, मग नोकरांचे थकलेले पगार, त्यामागून इतर कर्जें, व सर्वांच्या शेवटीं देणग्या. ऋण आधीं, रिक्थ मागून, हें तत्त्व येथेंहि दिसतें.

यावरून संशोधकांनीं एक बोध घ्यावा. जुन्या दप्तरांत वारसाचा दाखला सांपडला, तर तेवढ्यावरून घराण्याची मालकी ठरवूं नये. त्याच्या जोडीस वांटणीपत्र, कर्जरोखे व फारखती शोधाव्या. दाखला कारभारी कोण तें सांगतो. धनी कोण, हें इतर कागद सांगतात.