सहावीची रात्र आणि बाळाचा स्नानसंस्कार

वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर बाळ जन्मले की पाचवीची, सहावीची रात्र जागवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असा समज. भोरकडच्या आमच्या मुस्लिम घरांतही जुन्या बायका ‘छठी’ करत. सटवाईचे नाव गळाले, रात्र मात्र राहिली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका भाषेतला शब्द दुसरीत जाऊन कसा नांदतो, ते रोज पाहतो. रिवाजाचेही तसेच आहे.

हीच सहावी रात्र गोव्यातल्या कॅथलिक घरांतही जागवली जात होती. 1736 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून तिच्यावर बंदी घातली. अंगणातली तुळस आणि पुरुषांचे धोतरही त्याच फर्मानात आले. ही बंदी ज्यांच्यावर आली ते पिढ्यानपिढ्यांचे ख्रिस्ती होते. त्यांच्या इमानाबद्दल तक्रार नव्हती असे नाही, पण खरा राग होता तो त्यांच्या राहणीवर.

मुळात चर्चचा विधी थोडक्यात आटोपतो. वसईकडचे मराठी कॅथलिक त्याला ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पांढरे वस्त्र घालतात, मेणबत्ती पेटवतात. सोबत धर्मपिता आणि धर्ममाता उभे असतात. पूर्वी युरोपात एकेका बाळाला पुष्कळ धर्ममातापिता असत. हे नाते जुळले की त्या घरांत आपसांत सोयरीक करता येत नसे, त्यामुळे गुंता वाढत गेला. शेवटी 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केला : एकच असावा, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री, आणि त्यांची नावे पाद्रीने वहीत लिहावीत.

वहीत धर्ममातापित्यांची नावे येतात. दावतीला आलेल्या शेजाऱ्यांची नावे कोणी लिहीत नाही. माझ्या मते बाळाला गावात जागा मिळते ती या दुसऱ्या यादीमुळे.

पुण्याच्या नाना पेठेत सिटी चर्च आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि 1792 मध्ये ते उभे राहिले. गेल्या वर्षी मी पुण्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीच्या स्नानसंस्काराला गेलो होतो. चर्चमधून घरी आल्यावर केक कापला, मग बाळाला पाळण्यात घातले आणि बायकांनी पाळणा म्हटला. पाळण्याची दोरी शेजारच्या मावशींच्या हातात होती, त्या हिंदू. माझ्या बायकोने खजूर नेले होते, तेही ताटात मांडले गेले. कोणाचे इमान कमी झाले, असे मला तरी दिसले नाही.

चर्चनेही पुढे वाट बदलली. खरे तर फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्येच मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापून ती वाट दाखवली होती. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला आणि स्थानिक रीतींना उपासनेत जागा दिली. गोव्याचे इन्क्विझिशन तर 1812 मध्येच बंद पडले होते.

हे आपल्यासाठी का सांगतो? बाळाच्या कानात अजान, सातव्या दिवशी अकीका, जावळाच्या वजनाइतकी चांदी खैरात, हे आपले दीनी काम. त्याबद्दल वाद नाही. पण हल्ली एखाद्या घरात छठीला गाणी झाली की मोहल्ल्यातली तरुण मुले ‘बिदअत’ म्हणून दार वाजवतात. सटवाईवर विश्वास ठेवू नका, हे जरूर समजवा. मी स्वतः तो ठेवत नाही. पण त्या रात्री आजी, मावशी, शेजारीण बाळंतिणीजवळ बसतात, तिला एकटी सोडत नाहीत. हे बसणे बंद करायचे असेल, तर त्याऐवजी तिच्याजवळ कोण बसणार, तेही दार वाजवणाऱ्यांनी सांगावे.