चौपाटीवरच्या विमानाचा माग

शहाद्यात शाळेत असताना पहिल्यांदा ऐकलं: राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं. आत माणूस नव्हता. ते १५०० फूट चढलं आणि कोसळलं. न्यायमूर्ती रानडे, सयाजीराव गायकवाड बघायला हजर होते, ‘केसरी’त बातमी छापून आली. ऐकून ऊर भरून आला होता. तेव्हापासून या गोष्टीचं मूळ शोधतो आहे.

तळपदे खरे. मुंबईचे पाठारे प्रभू, संस्कृतचे व्यासंगी, वेदांत विमानविद्या आहे या दयानंद सरस्वतींच्या मांडणीनं भारावलेले. १९०७ साली त्यांचं ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे पुस्तक निघालं. इथवर वाट पक्की आहे. चौपाटीकडे वळलं की ती पुसट होते. ‘केसरी’तली ती बातमी अभ्यासकांना सापडलेली नाही.

पुढे गोष्टीला ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाचा टेकू मिळाला. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तो तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे १८९५ च्या विमानाचा आधार म्हणून दाखवला जाणारा ग्रंथ त्या विमानाहून धाकटा! त्याच निबंधातली दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते: ग्रंथ सांगणाऱ्या सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही विमानं करून पाहिली, पण ती उडवण्यात यश आलं नाही.

वाद राइट बंधूंनाही चुकला नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेनं पहिल्या विमानाचा मान आपल्याच माजी प्रमुखाला, लँग्लीला, दिला, म्हणून ऑर्व्हिलनं १९२८ साली आपलं विमान लंडनला धाडलं. संस्थेनं १९४२ मध्ये चूक मान्य केली; विमान १९४८ मध्ये मायदेशी आलं. पण १७ डिसेंबर १९०३ च्या १२ सेकंदांच्या त्या भरारीचा फोटो त्यांच्याजवळ होता. चौपाटीच्या भरारीचा त्या काळातला एकही पुरावा पुढे आलेला नाही. तो येईपर्यंत तिला पहिली भरारी म्हणता येणार नाही. तळपदे यांच्या धडपडीचा मान त्यानं कमी होत नाही.

खानदेशातल्या जुन्या वाड्यांत, वाचनालयांत १८९५ ची बांधीव वर्तमानपत्रं अजून असतील. कुणाकडे असली तर रद्दीत घालू नका. आधी पानन् पान चाळा आणि मग धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला दाखवा.