लंडनहून वडिलांस

उपवासकाळातील शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे जाताना ज्या शोकगीताची कडवी म्हणण्याचा प्रघात ख्रिस्तसभेत दीर्घकाळ चालत आला आहे, त्याचे मूळ लॅटिन नाव ‘स्ताबात मातेर’. तीन-तीन ओळींची वीस कडवी आणि विषय एकच : क्रुसाखाली उभी असलेली माता. परंपरेने हे स्तोत्र याकोपोने दा तोदी या तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन कवीच्या नावावर आहे. त्रेंतच्या धर्मसभेनंतर ते उपासनेतून वगळले गेले आणि १७२७ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्याला पुन्हा स्थान दिले. पेर्गोलेसी, हायडन, रोसिनी अशा अनेकांनी त्याला स्वर दिले. त्यांतील एका संगीतकाराची लंडनहून पाठवलेली पत्रे आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. हे संगीतकार म्हणजे बोहेमियाचे आंतोनिन द्वोर्झाक.

पत्रे मार्च १८८४ मधील आहेत. द्वोर्झाक त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या आणि नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेच्या निमंत्रणावरून ते प्रथमच इंग्लंडला गेले होते. इंग्रजी त्यांना जेमतेम येत असे. हे बोलावणे त्यांना आले ते ‘स्ताबात मातेर’मुळे. आदल्याच वर्षी, १० मार्च १८८३ रोजी, जोसेफ बार्नबी यांनी ही रचना लंडनमध्ये सादर केली होती आणि ती ऐकल्यावर रचनाकाराने स्वतः येऊन तिचे संचालन करावे, असे तेथील रसिकांच्या मनाने घेतले.

या रचनेची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८७५ च्या उन्हाळ्यात द्वोर्झाक दांपत्याची मुलगी योसेफा जन्मली आणि दोन दिवसांत गेली. द्वोर्झाक प्रागमधील संत व्होयतेख यांच्या देवळात ऑर्गन वाजवीत असत. पुढल्या वर्षी त्यांनी या स्तोत्राचा आराखडा पियानोसाठी लिहून काढला व बाजूला ठेवला. मग १८७७ साल आले. ऑगस्टमध्ये लहानग्या रूझेनाने आगकाड्यांसाठी वापरले जाणारे फॉस्फरसचे द्रावण प्राशन केले आणि ती दगावली. ८ सप्टेंबरला थोरला मुलगा ओताकार देवीच्या आजाराने गेला. तो दिवस वडिलांच्या वाढदिवसाचा होता. आपल्याकडे तो पवित्र मरियेच्या जन्माचा सण. चार आठवड्यांच्या आत घर रिकामे झाले. द्वोर्झाक यांनी तो जुना आराखडा पुन्हा हाती घेतला आणि १३ नोव्हेंबर १८७७ रोजी संपूर्ण रचना पुरी केली. प्रागमध्ये तिचा पहिला प्रयोग व्हावयास १८८० चा डिसेंबर उजाडला.

अशी ही रचना घेऊन ते लंडनला पोचले. १४ मार्च १८८४ च्या सुमारास प्रागमधील एका प्रकाशक स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात ते काय लिहितात? आकडे! गायकवृंदात २५० सोप्रानो, १६० आल्टो, १८० टेनर, २५० बास. वाद्यवृंदात २४ पहिली व्हायोलिने, २० दुसरी, १६ व्हायोला, १६ चेलो, १६ डबल बास. आम्ही बेरीज करून पाहिली : ८४० गाणारे आणि नुसती तंतुवाद्ये वाजवणारे ९२. लग्नाच्या पंगतीला किती पाने उठली हे गावाकडे सांगावे, तसे हे कौतुक. एरवी प्रागच्या एका नाटकगृहात, तुटपुंज्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवून नऊ-दहा वर्षे काढलेल्या माणसाला ही संख्या मोजावीशी वाटली, यात नवल नाही. प्रयोग १३ मार्चला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. गायकवृंद बार्नबी यांनी तयार करून ठेवलेला होता.

एवढे गाणारे इंग्लंडमध्ये आले कोठून, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्यांतील बहुसंख्य हौशी होते. गावोगावी गायनमंडळे होती, सा-रे-ग-मसारखी अक्षरे वाचून गाण्याची ‘टॉनिक सोल्फा’ पद्धत जॉन कर्वेन यांनी कारागीर-कामगारांपर्यंत पोचवली होती आणि नोव्हेलोने गायनप्रतींच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणल्या होत्या. आमच्या धर्मग्रामांतील गायनमंडळांनी या गोष्टीकडे जरा लक्ष द्यावे, असे आम्ही सुचवू. मोठे संगीत तेथे आधी स्वस्त पुस्तकावर उभे राहिले.

दुसरे पत्र २१ मार्चचे, वडिलांना लिहिलेले. आपल्याकडे मुलगा ‘तीर्थरूप’ लिहून पत्रास आरंभ करीत असे. मजकुराचा सूर तसाच आहे. फ्रान्तिशेक द्वोर्झाक हे नेलाहोझेवेस या खेड्यातील खाटीक व खाणावळवाले. आता ते क्लाद्नो या कोळशाच्या गावी राहत होते आणि पत्नी आन्ना १८८२ च्या डिसेंबरात वारल्यामुळे एकटे पडले होते. समुद्र ओलांडून इतक्या दूर येऊ असे कधी वाटले नव्हते, असे मुलगा लिहितो. सगळ्या बोहेमियातील चेक माणसे गोळा केली तरी लंडनच्या वस्तीएवढी भरणार नाहीत आणि क्लाद्नोची झाडून सारी माणसे त्या सभागृहात आणून बसवली तरी जागा उरेल, असे तो त्यांना समजावतो. श्रोत्यांचा त्याचा आकडा बारा हजारांचा. सभागृह बांधले गेले ते सुमारे आठ हजारांसाठी. आज सुरक्षेच्या नियमांमुळे पाच हजारांहून थोड्या अधिकांनाच तेथे प्रवेश मिळतो. आनंदात आकडा थोडा फुगला असेल. पण लंडन कधीही न पाहिलेल्या म्हाताऱ्याला मोजमाप कळावे म्हणून त्याने त्याच्याच गावाची पट्टी घेतली, हे आम्हांला फार आवडले.

मग पत्रातील मुख्य बातमी येते. इंग्रजी वृत्तपत्रांत तुमचेही नाव आले आहे, असे तो कळवतो. गरीब घरातला हा मुलगा, बाप खाटीक व खाणावळवाला, तरी त्याने मुलाच्या शिक्षणासाठी सर्व काही केले, असे तेथे छापून आले होते. याचा मान तुम्हांलाच, अशा अर्थाचे वाक्य त्यापुढे आहे.

इतिहास तपासला तर वृत्तपत्रांचे म्हणणे थोडे सोपे केलेले आहे. फ्रान्तिशेक यांची ऐपत नव्हती. थोरल्या मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. १८५७ साली मुलगा प्रागच्या ऑर्गन विद्यालयात गेला तो बराचसा मामा आंतोनिन झ्देनेक यांच्या पैशावर. हे द्वोर्झाक यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण पत्रात त्यांनी ही दुरुस्ती केली नाही. आम्हांला ती लबाडी वाटत नाही. बापाने अखेर जाऊ दिले, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि ज्या मुलाने स्वतः तीन लेकरे पुरली होती, त्याला ‘बापाने सर्व काही केले’ या शब्दांचे वजन परक्या बातमीदारापेक्षा अधिक कळत असणार. विजयाच्या या पत्रांचा भर टाळ्यांवर, मेजवान्यांवर, माणसांच्या संख्येवर आहे. त्या लेकरांचे दुःख पत्रात नव्हे, स्वरलिपीत लिहून झालेले होते.

त्याच सप्टेंबरात ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि वूस्टरच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये त्यांनी ‘स्ताबात मातेर’चे संचालन केले. तेथे व्हायोलिन वाजवणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचा एक स्थानिक कॅथोलिक तरुण होता : एडवर्ड एल्गार. कितीही थोडी वाद्ये वापरली तरी या माणसाचे संगीत कधी पोकळ वाटत नाही, अशा आशयाचे कौतुक त्याने एका मित्राला पत्राने कळवले. याच एल्गार यांची ‘ड्रीम ऑफ गेरॉन्शियस’ ही कार्डिनल न्यूमन यांच्या काव्यावरील रचना १९०२ साली त्याच कॅथेड्रलमध्ये झाली, तेव्हा मरियेचे व शुद्धिस्थानाचे उल्लेख गाळावे लागले होते. १८८४ मधील त्या मरियास्तोत्राच्या गायनाचे महत्त्व त्यावरून ध्यानी यावे.

द्वोर्झाक इंग्लंडला एकंदर नऊ वेळा गेले. १८९१ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. समारंभ सगळा लॅटिनमध्ये. त्यांना त्यातले काही कळेना आणि ते घामाघूम झाले. लॅटिन येण्यापेक्षा ‘स्ताबात मातेर’ रचणे बरे, असे म्हणून पुढे ते यावर हसत असत.

फ्रान्तिशेक द्वोर्झाक २८ मार्च १८९४ रोजी वारले. मुलगा त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये, लंडनहून कितीतरी दूर होता. त्या महिन्यात तो चेक बायबलमधील स्तोत्रांना चाली लावीत होता. ही दहा गीते त्याने २६ तारखेस पुरी केली. त्यांतील चौथे तेविसाव्या स्तोत्रावरचे आहे, मेंढपाळाचे.