चुकलासा काय, आक्का?

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही दोघी एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं नि मी खाली औषधाच्या दुकानात गेले. परत येताना चुकले. जिना तोच वाटला, पण वर आले तर माणसं वेगळी, बाकं वेगळी. मघाशी वळणावर एक निळी बादली होती, ती खूण मी मनात ठेवली होती. फरशी पुसून झाल्यावर बादली गेली आणि माझी खूणही गेली. तिसऱ्यांदा एक्स-रेच्या दारासमोर आले तेव्हा वॉचमन म्हणाला, "चुकलासा काय, आक्का? हिकडनं जावा." सासूबाई अर्धा तास अंधूक डोळ्यांनी एकट्या बसलेल्या. घरी ह्यांनी ठरलेलं वाक्य टाकलं, "बायकांना दिशा कळतच नाहीत."

मला ते लागलं. त्या रागातच मी या विषयावर मिळेल ते वाचायला घेतलं, आणि कळलं की इमारतीत माणसं का चुकतात याचा अभ्यास पन्नासएक वर्षं चालला आहे.

सुरुवात रस्त्यांपासून झाली. अमेरिकेतल्या केव्हिन लिंच यांनी १९६० साली शहरांवर एक पुस्तक लिहिलं. बॉस्टन, जर्सी सिटी, लॉस एंजेलिसमधल्या लोकांना त्यांनी आपापल्या शहराचा नकाशा काढायला लावला होता. माणूस शहर लक्षात ठेवतो ते वाटा, चौक, कडा, वस्त्या आणि खुणा यांवरून, असं त्यांना दिसलं. हा विचार मग छपराखाली आला. जेराल्ड वाइझमन यांनी १९८१ साली विद्यापीठाच्या इमारती तपासून चार गोष्टी मांडल्या: आत उभं राहिल्यावर पुढचं किती दिसतं, एक भाग दुसऱ्याहून किती वेगळा ओळखू येतो, पाट्या कशा आहेत, आणि मुळात आखणी किती सोपी आहे. आखणी जितकी गुंतागुंतीची तितके लोक जास्त चुकल्याचं सांगत. पाटी लावली की झालं, असं समजणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आपल्या जुन्या वाड्याची आठवण झाली मला. दिंडी दरवाजातून आत गेलं की चौक, चौकाभोवती ओसरी, आणि कुठल्याही खोलीतून बाहेर आलं की पुन्हा चौकच. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीतही मंडपात उभं राहिलं की समोर गाभारा दिसतो. विचारावं लागतच नाही.

पण मला सगळ्यात धीर दिला तो कॅनडातल्या शॅनन मोझर यांच्या अभ्यासाने. १९८८ सालचा आहे. विचित्र आखणीच्या एका पाच मजली हॉस्पिटलात शिकाऊ नर्सेस दोन वर्षं रोज वावरत होत्या. आपलं काम त्या करतच होत्या. पण कुठला विभाग कुठल्या दिशेला, कशाच्या वर काय, असं विचारलं तर त्यांच्या मनात इमारतीचा पूर्ण नकाशा तयार झालेलाच नव्हता. उलट ज्यांनी ती इमारत कधी पाहिली नव्हती, त्यांना आधी कागदावरचे नकाशे पाठ करायला दिले, तर ते या नर्सेसपेक्षा सरस ठरले! दोन वर्षं, रोजच्या चकरा, आणि तरी. मी तर पहिल्यांदाच गेले होते.

मार्व्हिन लेव्हाइन यांनी भिंतीवरच्या 'तुम्ही येथे आहात' या नकाशांचा असाच माग काढला. नकाशात वर दाखवलेली बाजू तुमच्या समोरच्या बाजूशी जुळत नसेल, तर माणसं चक्क उलट्या दिशेला चालू लागतात. आमच्या दवाखान्यातला नकाशा तसाच होता, हे मी नंतर जाऊन पाहिलं.

याला पैसेही पडतात. क्रेग झिमरिंग यांनी १९९० साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलचा हिशेब मांडला. वाट सांगणं हे ज्यांचं कामच नाही अशा लोकांचे वर्षाला ४,५०० हून अधिक तास त्यात जात होते, खर्च दोन लाख वीस हजार डॉलरच्या वर. आमचा वॉचमन किंवा फरशी पुसणारी मावशी दिवसाला कितीदा "हिकडनं जावा" म्हणत असतील, कोण मोजतंय?

आता ह्यांच्या वाक्याकडे येते. कॅरल लॉटन यांनी १९९४ साली कॉलेजातल्या मुलामुलींना विचारून पाहिलं. मुली जास्त करून 'इथून डावीकडे, मग त्या दाराशी उजवीकडे' अशी वाट धरतात, मुलगे दिशेचं भान ठेवून चालतो म्हणतात. आणि चुकण्याची धास्ती मुलींनी जास्त सांगितली. हा सवयीतला फरक आहे, 'कळतच नाही' असं त्यात कुठेही नाही. धास्तीचं म्हणाल, तर लहानपणापासून "उशीर का झाला" हे कुणाला विचारलं जातं, ते आपण बायका जाणतोच.

महिन्याने पुन्हा तपासणी होती. मी दारातल्या नकाशावरून केसपेपरच्या मागे पेन्सिलीने वाट काढून घेतली आणि प्रत्येक वळणावर कागद फिरवत गेले. बरोबर पोचलो. सासूबाई मात्र वाटेत दोनदा थांबल्या नि म्हणाल्या, "अगं, त्या पोराला एकदा विचारून घे की."